दागिन्यांचा अर्धा किलो

नगरच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी एकोणीस वर्षं सिस्टर होते. आता निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी माझ्या तोंडात अजून नगरच येतं. लोकांना वाटतं, टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यातली नर्स दिवसभर काचेच्या नळ्या हाताळत असेल. त्या नळ्यांच्या खोलीत अत्तराचा वाससुद्धा चालत नाही, तिथं मला जायला बंदी होती. माझं राज्य बाहेरच्या छोट्या खोलीत. एक टेबल, फायलींचं कपाट, इंजेक्शनांचा फ्रिज आणि वजनकाटा. बायका इंजेक्शनला घाबरत असतील असं तुम्हाला वाटेल. तसं अजिबात नाही. मूल हवं असलेली बाई शंभर सुया टोचून घेते आणि वर ‘थँक्यू सिस्टर’ म्हणते. घाबरायच्या त्या काट्यावर चढताना.

वजनाचा आणि मूल होण्याचा काय संबंध, हे मी रोज दहा जणींना समजावून सांगत असे, तर तुम्हालाही सांगते. अंगात चरबी फार झाली की शरीरातल्या रसांचं, म्हणजे हार्मोन्सचं, गणित बिघडतं. पाळी लांबते, बीज वेळेवर फुटत नाही. उपचार सुरू केले तर बीजं वाढवायची इंजेक्शनं जास्त लागतात आणि तरी बीजं कमी मिळतात. सोनोग्राफीत पडद्यावर नीट दिसत नाही. गर्भ राहिलाच तर टिकण्याची काळजी जास्त. बीजं काढताना जी थोडा वेळ भूल देतात, तिचा धोकाही वाढतो. अगदी काटकुळ्या बायकांचेही हाल होतात, पण आमच्याकडे त्या कमी यायच्या. आणि नवऱ्याचं पोट सुटलेलं असेल तर त्याच्या बीजावरही परिणाम होतो. हे सांगितलं की नवरे मोबाईलमध्ये बघायला लागायचे. सुप्याच्या कारखान्यातले एक साहेब तर काट्यासमोर उभे राहून मला म्हणाले, “माझं वजन कंपनीत झालंय.” जणू काही ते पगारपत्रकावर छापून येत होतं.

काट्याची मला सुरुवातीला काहीच भीड वाटत नसे. चढा, आकडा वाचा, लिहा, पुढची. आवाज मोठा, कारण त्याआधी मी सरकारी दवाखान्यात होते आणि तिथं हळू बोललं तर कुणाला ऐकू जात नाही. एकदा पारनेरकडची एक बाई आली होती. शाळेत शिक्षिका. नीटनेटकी, इस्त्रीची साडी, पर्स छातीशी धरलेली. ती चढली आणि मी उघड्या दारातून बाहेरच्या टेबलावरच्या मुलीला ओरडून सांगितलं, “ब्याण्णव लिही गं!” हॉलमध्ये वीसेक माणसं. त्यात तिच्या शाळेतल्या एका मुलाची आई बसलेली होती, हे मला नंतर कळलं. ती शिक्षिका खाली उतरली, चपला घातल्या, नवऱ्याला खूण केली आणि गेली. फाईल तयार होती, तपासण्या झाल्या होत्या, वय हातात होतं. ती परत कधीच आली नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तिच्या नवऱ्यानं उचलला आणि म्हणाला, “आता तो विषय आमच्या घरात बंद आहे.” आजही मला त्या ‘गं’ची लाज वाटते.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. दार लावून वजन करायला लागले. काट्याचा आकडा दिसतो ती बाजू भिंतीकडे वळवली, म्हणजे वाकून फक्त मलाच वाचता येईल. आणि तिसरी गोष्ट, आकड्यातून अर्धा किलो वजा करायला लागले.

आमच्याकडच्या बायका मंगळसूत्र काढत नाहीत, जोडवी काढत नाहीत, आणि दवाखान्यात यायचं म्हणजे काठाची साडी आणि हातभर बांगड्या. “सिस्टर, हे सगळं धरून आलं ना वजन?” असं प्रत्येक बाई विचारायची. मी म्हणायची, “अर्धा किलो दागिन्यांचा गेला.” तेवढ्यानं चेहरा खुलायचा. अर्ध्या किलोनं वैद्यकशास्त्र बुडत नाही. मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांना, हे माहीत होतं आणि त्या हसून सोडून देत. ‘रूथ सिस्टरची सूट’ असं त्याला आमच्याकडे नावच पडलं होतं. मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता, खोटं कशाला बोलू.

मनीषा आली ती ही सूट चालू असतानाच.

कोल्हारची. वय छत्तीस, लग्नाला चौदा वर्षं. नवरा संपत पेरूची बाग आणि चार गाई सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. बरोबर सासू हिराबाई, अंगानं वाळलेली, पण जिभेनं तरतरीत. मनीषाचं वजन चौऱ्याण्णव किलो, उंची पाच फूट एक इंच. मॅडमनी तपासण्या पाहिल्या आणि पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं की मला कळायचं, पेच आहे.

पेच असा होता की मनीषाच्या अंडाशयातला बीजांचा साठा तिच्या वयाच्या मानानं फार लवकर संपत आला होता. म्हणजे घाई करायला हवी. पण वजन या उंचीला इतकं होतं की घाई करून भागणार नव्हतं. आमचं केंद्र लहान. भूल द्यायला बाहेरून डॉक्टर येत. त्यांचा नियम होता, उंचीप्रमाणे ठरलेल्या आकड्याच्या वरच्या बाईला ते आमच्याकडे भूल देणार नाहीत. मनीषासाठी तो आकडा पंच्याऐंशी. हा नियम उगीच आलेला नव्हता. पूर्वी एकदा एका जाड बाईला भूल दिल्यावर तिची जीभ मागं पडली, श्वास अडला आणि यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. ती वाचली. पण ती दोन मिनिटं त्या खोलीतलं कुणीच विसरलं नाही.

“मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, तिथं सगळी सोय असते,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर नऊ किलो उतरवून या. पण सहा-सात महिन्यांच्या आत. त्यापुढं मी कशाचीच खात्री देत नाही.”

संपत म्हणाला, “मोठ्या शहरात आमचं कोन हाय? हितंच करू.”

मी मनीषाला माझ्या खोलीत घेतलं आणि काय खाते ते विचारलं. ती सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास धरत होती. मुलासाठीच. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि घरचं सायीचं दूध. शिवाय हिराबाई रोज सकाळी डिंकाचा लाडू भरवत. “अंगात ताकद नको व्हय? बाळ काय हवेवर राहतंय?” डिंकाचे लाडू बाळंतिणीचे, बाळंतपण तर होऊ द्या, असं मी म्हणाले तेव्हा त्या माझ्यावर रुसल्या. तरी पुढच्या खेपेला लाडू बंद झाले होते. रुसायचं आणि ऐकायचं, अशी त्यांची पद्धत होती.

खरी अडचण चालण्याची निघाली. मी रोज तासभर चालायला सांगितलं. महिनाभरानं आली तर वजन सव्वा किलोच उतरलेलं.

“चालत नाहीस का गं?”

“कुटं चालू सिस्टर?” ती म्हणाली. “घरातनं भाईर पडले की समदे इचारत्यात, कुटं निघाली? काय हरवलं का? नुसतं चालाया निघाले म्हनलं तर हासत्यात. एक जन तर म्हनली, येड लागलं का काय.”

हे मला सुचायला हवं होतं. शहरातल्या बाईला बूट घातले की चालायचा परवाना मिळतो. गावातल्या बाईच्या चालण्याला कारण लागतं. हातात काहीतरी असावं लागतं.

मी म्हणाले, “दूध कुठं घालता?”

“दाराम्होरल्या डेअरीत. गाडी येती.”

“नदीच्या अंगाला दुसरी डेअरी आहे ना? तिथं घाल. पायी. हातात किटली घेऊन.”

हिराबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “आन् तिथं कमी भाव देत्यात, त्याचं?”

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.  पुढच्या महिन्यापासून मनीषा सकाळ-संध्याकाळ प्रवरेच्या काठानं दुधाची किटली घेऊन चालायला लागली. जाताना भरलेली, येताना रिकामी. कुणी काही विचारलं नाही. नंतर कळलं की त्या डेअरीत दूध निम्मंच जात होतं. संध्याकाळच्या किटलीत हिराबाई पाणी भरून देत, ‘वजन हातात आसलं म्हंजी घाम लवकर येतो’ म्हणून. पाण्याची किटली ती वाटेतल्या चिंचेखाली रिकामी करायची. डेअरीवाल्याच्या नकळत, बरं का. दुधात पाणी नाही, दुधाऐवजी पाणी.

नव्वद. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. मध्ये एक महिना आकडा हललाच नाही, तेव्हा ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला पाणी दिलं आणि माझ्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली, जिला मूल झालंच नाही आणि जिच्या काळात काट्यापर्यंतसुद्धा कुणी गेलं नाही. मी सहसा घरचं बोलत नाही. तिच्याशी बोलले. तिथंच माझं पाऊल घसरलं असावं.

सातवा महिना. उपचार पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावे लागतात आणि मनीषा त्या दिवशी आली. पुढची पाळी पितृपक्षात येणार होती. त्या पंधरवड्यात त्यांच्या घरी कुठलंच नवं काम हाती घेत नाहीत. त्याच्या पुढची ऐन दिवाळीच्या गडबडीत. मी ख्रिस्ती असले तरी हे पंचांग मला तोंडपाठ होतं, कारण आमच्या केंद्राची गर्दी त्यावर हलायची. आता नाही तर अडीच-तीन महिने गेले. आणि आदल्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बीजं आणखी कमी दिसली होती.

ती चढली. मी भिंतीकडे वाकले. शहाऐंशी पूर्णांक चार.

“किती?” तिनं विचारलं. डोळे मिटलेले.

दागिन्यांचा अर्धा किलो गेला, पंच्याऐंशी पूर्णांक नऊ. मी परत वाकले. आकडा तोच. काठाची साडी जड दिसत होती, बांगड्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. असं मी मनाशी म्हणाले. खरं तर बांगड्या तेवढ्याच होत्या.

“चौऱ्याऐंशी पॉइंट नऊ,” मी म्हणाले आणि तसंच लिहिलं.

ती काट्यावरच खाली बसली. मग उठून माझ्या गळ्यात पडली. बाहेर हिराबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि संपतनं बाहेर जाऊन पेढे आणले. मीही एक खाल्ला. 

इंजेक्शनं सुरू झाली. मॅडमना जास्त ताकदीची द्यावी लागली. रोज मनीषा यायची आणि मी टोचायची. अकराव्या दिवशी सोनोग्राफीत चार बीजकोश दिसले. दुसऱ्यांना दहा-बारा मिळतात, हिला चार. “चार तर चार,” मॅडम म्हणाल्या.

आता इथलं गणित समजून घ्या. बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून देतात. त्यानंतर पस्तीस-छत्तीस तासांत बीजं बाहेर काढावी लागतात. उशीर झाला तर बीजकोश आपले आपण फुटतात आणि बीजं पोटात हरवून जातात. ती परत मिळत नाहीत. मनीषाची बीजं काढायची वेळ सकाळी साडेनऊ ठरली.

त्या दिवशी ते साडेआठलाच आले. मनीषाला मी हिरवा गाऊन दिला, बांगड्या उतरवून हिराबाईंच्या हातात दिल्या, मंगळसूत्राला चिकटपट्टी लावली. भुलीचे डॉक्टर नऊला आले. त्यांनी तिची मान पाहिली, तोंड उघडायला लावलं, कपाळाला आठी पडली.

“झोपेत घोरता का?”

ती लाजली. दारातून हिराबाई म्हणाल्या, “भित हालती!”

डॉक्टर हसले नाहीत. फाईल उघडून मला म्हणाले, “चौऱ्याऐंशी पॉइंट नऊ. काठावर आहे. बरोबर ना सिस्टर?”

मी म्हणाले, “हो.”

एवढंच म्हणाले, आणि खोलीच्या बाहेर आले.  घड्याळात नऊ वाजून सहा मिनिटं. मी स्वतःला समजावत होते की दीड किलोनं काय होतंय, डॉक्टर तिच्या जवळच असतील, दहा मिनिटांचं काम. आणि आता बोलले तर? ते भूल देणार नाहीत. बीजं जातील. चौदा वर्षं, सात महिने, चिंचेखाली ओतलेल्या किटल्या, सगळं जाईल, माझ्या तोंडानं. न बोलले तर फक्त एक शक्यता होती. पण ती शक्यता मी एकदा यंत्रावर उतरताना पाहिली होती.

हॉलमध्ये हिराबाई बांगड्यांचं पुडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “सिस्टर, तुमी आत हायेत ना? मंग मला काई काळजी न्हाई. डाक्टरला म्या काय वळखत न्हाई. तुमच्या हवाली केली हाय.”

मी वळले आणि आत गेले. डॉक्टर सिरिंज भरत होते. मॅडम हात धुऊन उभ्या होत्या.

“सर, थांबा. वजन चुकीचं आहे. मी चुकीचं लिहिलंय.”

 मी काटा ओढत आत आणला. मनीषा गोंधळून आमच्याकडे पाहत चढली. या वेळी मी आकड्याची बाजू सगळ्यांकडे फिरवली. अंगावर साडी नाही, बांगड्या नाहीत. सत्त्याऐंशी पूर्णांक आठ. इंजेक्शनांनी अंगात थोडं पाणी धरतं, पण तेवढ्यानं माझी सुटका होत नव्हती.

भुलीच्या डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. “दोन-तीन किलोनं माझी भूल बदलत नाही, सिस्टर,” ते अगदी हळू म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. “पण तुम्ही आकडा बदलता हे आज कळलं. मग आजवर तुम्ही दिलेल्या कुठल्या आकड्यावर मी विश्वास ठेवू? हिचा गळा, हिचं घोरणं आणि हे वजन. इथं मी हिला झोपवणार नाही.”

नऊ वाजून चौदा मिनिटं.

मनीषा काट्यावरच उभी होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “म्हंजी म्या उतरलेच न्हाई?”

बीजं जातील का, हे तिनं विचारलं नाही. आधी हे विचारलं. मी तिचे दोन्ही हात धरले. “उतरलीस. चौऱ्याण्णववरून शहाऐंशी पॉइंट चारवर आलीस, ते खरं. शेवटचा दीड मी माझ्या मनानं कमी केला. तुझी काही चूक नाही. माझी आहे.”

“म्या समद्या गावाला सांगितलं,” ती म्हणाली, “पंच्याऐंशीच्या आत आले म्हनून.”

मॅडमनी तिला खाली उतरवून बसवलं. त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मनीषाला म्हणाल्या, “दोन रस्ते आहेत. आज काहीच करायचं नाही, बीजं जाऊ द्यायची. किंवा पूर्ण भूल न देता, फक्त आतल्या जागेला बधिर करायचं इंजेक्शन देऊन काढायची. तू जागी असशील. दुखेल. चारच आहेत म्हणून मी हे बोलतेय. नाही म्हणालीस तरी तुझ्यावर कुणी रागावणार नाही.”

संपतला आत बोलावलं. तो बायकोकडे पाहत राहिला. म्हणाला, “तुज्या जिवाला काय व्हनार नसंल तर बग. न्हाईतर घरी जाऊ.” चौदा वर्षांत हा माणूस बायकोसमोर एवढं मोठं वाक्य बोलला असेल असं मला वाटत नाही.

मनीषा म्हणाली, “काडा.”

नऊ बत्तीसला सुरू झालं. मी तिच्या डोक्याशी उभी होते. भुलीचे डॉक्टर गेले नव्हते. ते यंत्राजवळ उभे राहिले, बोट तिच्या नाडीवर. पहिली सुई आत गेली आणि तिनं माझं मनगट असं पकडलं की माझ्या घड्याळाची काच तडकली. आवाज केला नाही. दातांतून श्वास घेत होती. पडद्यावर एक काळा गोळा आकसून नाहीसा झाला आणि शेजारच्या खोलीतून, त्या नळ्यांच्या खोलीतून, आवाज आला, “एक मिळालं.”

“बोल काहीतरी,” मी म्हणाले. “चाल. किटली घे हातात. कुठवर आलीस?”

“येशीपातुर,” ती म्हणाली. कपाळावर घाम.

“पुढं?”

“चिच.” दुसरी सुई. तिनं मान फिरवली. “न्हाई... चिच अजून लांब हाय.”

दुसरा कोश रिकामा निघाला. कुणी काही बोललं नाही आणि ते तिला कळलं. तिसरा. “मिळालं.” चौथा सगळ्यात आत होता, चरबीमुळे पडद्यावर पुसट. मॅडमनी सुई थांबवली, परत फिरवली. मनीषाच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. ती पुटपुटली, “सिस्टर, लई लांब हाय वो.” मी फक्त तिचे केस मागं करत राहिले.

“मिळालं,” शेजारच्या खोलीतून आवाज आला.

तीन बीजं. पाच दिवसांनी त्यांचे दोन गर्भ नीट वाढलेले निघाले. मॅडमनी ते गोठवून ठेवले. बीजाचं वय तिथं थांबतं, हा त्यातला फायदा. आता वजनाला वेळ देता येणार होता. “ऐंशीच्या आत ये,” मॅडम तिला म्हणाल्या, “मग गर्भ आत ठेवू. हे गर्भ कुठं पळून जात नाहीत.”

माझ्याशी त्या संध्याकाळी बोलल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “रूथ, तू त्यांची लाज वाचवत होतीस हे मला समजतं. पण त्यांना खरं सोसणार नाही, हे तू का ठरवलंस?” दुसऱ्या दिवशी काटा माझ्या खोलीतून उचलून त्यांच्या केबिनमध्ये नेला. काटा होता तिथं फरशीवर चार फिकट ठिपके राहिले. एकोणीस वर्षांत मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मला वाटलं, मनीषा आता येणार नाही. पारनेरच्या बाईसारखी चपला घालून जाईल. ती महिन्यानं आली. मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि दार उघडून बाहेर डोकावली.

“सिस्टरला बोलवा. त्यांच्याम्होरं चढते.”

मी गेले. तिनं बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, जोडवी काढली. मंगळसूत्र काढलं नाही. चढली आणि स्वतः वाकून आकडा वाचला. मोठ्यानं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मंगळसुत्राचं वजा करू नका. हाय तेवडंच लिवा.”

पाच महिन्यांनी ती एकोणऐंशीवर आली. पहिला गर्भ ठेवला, तो रुजला नाही. त्या दिवशी तिनं मला फोनवर विचारलं, “माज्या वजनानं गेला का?” मी म्हणाले, “मला माहीत नाही, मनीषा. कुणालाच माहीत नसतं.” पूर्वीची मी काहीतरी गोड बोलले असते. ती मग म्हणाली, “बरं झालं खरं सांगितलं.” आणि दुसऱ्या दिवसापासून परत किटली घेऊन निघाली, असं हिराबाईंनी सांगितलं.

दुसरा गर्भ ठेवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीला मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मॅडमनी मला नवं घड्याळ दिलं. तडकलेलं मी फेकलेलं नाही. पारनेरच्या बाईंना मी जाण्याआधी एक पत्र लिहिलं, माफीचं. उत्तर आलं नाही आणि ते येईल असं मी धरूनही बसलेले नाही.

मग या वर्षी एका दुपारी मी वाल सोलत बसले होते आणि फोन वाजला. हिराबाईंचा आवाज. मागं कुणीतरी बारीक, चिडलेलं रडत होतं.

“सिस्टर, पोरगी झाली! मनीषा ठीक हाय. पोरगी दोन किलो आठशे भरली!”

 मांडीवरचे वाल खाली सांडले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “दुपट्यासकट?”

“न्हाई वो,” हिराबाई म्हणाल्या. “उगडीच मोजली. तुमच्यावानी न्हाई.”